आई-वडिलांचा मान म्हणजे नेमके काय? बायबलमधील ‘कुर्बान’चा प्रसंग काय सांगतो

आई-वडिलांचा मान राखण्याची आज्ञा ख्रिस्ती मुलांकडून लहानपणीच पाठ करून घेतली जाते. त्यामुळे ती लहानांसाठीच आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात ती कमावत्या मुला-मुलींनाही तितकीच लागू आहे.

ही कितवी आज्ञा?

दहा आज्ञा बायबलच्या निर्गम आणि अनुवाद या पुस्तकांत आहेत. कॅथलिक परंपरा ही आज्ञा चौथी मोजते, तर बहुतेक प्रोटेस्टंट पाचवी. म्हणजे वसईच्या कॅथलिक घरात ती चौथी, तर अहिल्यानगरच्या प्रोटेस्टंट घरात पाचवी. आज्ञा मात्र एकच.

‘मान’ म्हणजे काय?

मूळ हिब्रू क्रियापदाचा धातू ‘वजन’ या अर्थाचा आहे. मराठीतही शब्दाला वजन असते. कमाई थांबली, आजारपण आले की घरात तेच आधी कमी होते. आज्ञेची खरी कसोटी तेव्हा लागते.

येशूने काय सांगितले?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात हा प्रसंग आहे. एखादी वस्तू ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे जाहीर केले की ती आई-वडिलांसाठी वापरण्याचे बंधन टळत असे. येशूने या पळवाटेवर कडक टीका केली. आजच्या भाषेत, चर्चला दिलेल्या देणगीची पावती दाखवून आईच्या औषधांचा खर्च टाळता येत नाही. योहानकृत शुभवर्तमानानुसार, क्रुसावर असतानाही येशूने आईची जबाबदारी एका शिष्यावर सोपवली.

मग सगळेच ऐकायचे का?

नाही. इफिसकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात मुलांना आज्ञापालन सांगितले आहे. पण मुलांना चिडीस आणू नये, अशी ताकीद वडिलांनाही आहे. नोकरी किंवा लग्नावरून मतभेद होऊ शकतात. मात्र मतभेद हे सांभाळ टाळण्याचे कारण ठरत नाही.

कायदा काय म्हणतो?

ख्रिस्ती वैयक्तिक कायद्यात आई-वडिलांच्या पोटगीची तरतूद नाही. मात्र आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या पालकांना त्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मुलगा असो वा मुलगी, जबाबदारी सज्ञान अपत्यांची आहे. निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे.

न्यायाधिकरण रक्कम मिळवून देऊ शकते. संध्याकाळी आईजवळ बसून तिचे म्हणणे ऐकणे मात्र मुलांच्याच हाती राहते.