ग्रँट नापासांतून बाहेर कसे आले?

गेल्या आठवड्यातल्या राष्ट्राध्यक्षांच्या क्रमवारीच्या याद्या वाचून सोलापूरच्या एका वाचकाने थेट मुद्द्यालाच हात घातला आहे. युलिसिस ग्रँट यांची अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची कारकीर्द १८७७ मध्ये संपली आणि १८८५ मध्ये ते वारले. त्यानंतर त्यांच्या हातून ना काही चांगले घडले, ना वाईट. मग इतिहासकार श्लेसिंजर यांच्या १९४८ च्या यादीत २९ पैकी २८ वे, म्हणजे सरळ 'अपयशी' ठरलेले ग्रँट सी-स्पॅन वाहिनीच्या २०२१ च्या यादीत ४४ पैकी २० वे कसे झाले? मधल्या काळात बदलले तरी काय?

याचे उत्तर दोन ओळींत उरकणे अन्यायाचे होईल. अशा क्रमवाऱ्यांत नेमके काय मोजले जाते, हे ग्रँट यांच्या उदाहरणातून जितके कळते तितके लिंकन किंवा वॉशिंग्टन यांच्या उदाहरणातून कळत नाही. ते दोघे वरच्या पायरीवर बसले ते बसलेच.

नवी कागदपत्रे बाहेर आली, हे उत्तर पहिल्यांदा सुचते आणि ते काही अंशी खरेही आहे. ग्रँट यांची पत्रे आणि इतर कागद १९६७ पासून एकेका खंडाने छापले जाऊ लागले. जॉन सायमन या इतिहासकाराने आयुष्यातली चाळीसएक वर्षे या कामाला दिली आणि अखेर त्याचे ३२ खंड झाले. चरित्रकारांना त्यांचा फार उपयोग झाला. पण ज्या आरोपांमुळे ग्रँट नापास झाले होते, ते आरोप या खंडांनी पुसले नाहीत.

ते किरकोळही नव्हते. १८६९ मध्ये जे गूल्ड आणि जिम फिस्क या दोन सटोडियांनी न्यू यॉर्कच्या बाजारातले सोने गोळा करून भाव आकाशाला भिडवला. त्यांनी हाताशी धरलेला माणूस म्हणजे खुद्द ग्रँट यांच्या बहिणीचा नवरा. २४ सप्टेंबरला सरकारी सोने विकायला काढून ग्रँटनी तो डाव मोडला, पण तोवर बाजार हादरला होता. १८७५ मध्ये दारूवरचा कर बुडवणारी टोळी पकडली गेली. आरोपींत ग्रँट यांचे खासगी सचिव ऑर्व्हिल बॅबकॉक निघाले आणि पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाने त्यांच्या बाजूने शपथेवर साक्ष दिली. मग २ मार्च १८७६ ची सकाळ. लष्करी ठाण्यावरच्या दुकानाच्या मक्त्यातून ज्यांच्या घरात पैसा येत होता, ते युद्धमंत्री विल्यम बेलनॅप धावतपळत व्हाइट हाउसमध्ये आले आणि ग्रँटनी त्यांचा राजीनामा उभ्याउभ्या स्वीकारला. प्रतिनिधिगृहाने त्याच दिवशी एकमताने महाभियोग मंजूर केला, पण सिनेटमध्ये दोनतृतीयांश मते पडली नाहीत आणि बेलनॅप सुटले.

ग्रँट स्वतः पैसे खाणारे नव्हते, यावर त्यांचे बहुतेक टीकाकारही सहमत आहेत. जवळच्या माणसांवर डोळे झाकून विश्वास टाकायचा, हा त्यांचा दोष अखेरपर्यंत गेला नाही. १८८४ मध्ये एका भागीदाराने त्यांना कफल्लक केले ते यामुळेच. पण राष्ट्राध्यक्षाची पारख वाईट असणे हा गंभीरच दोष आहे आणि त्याचे गुण कापले गेले तर तक्रार करायला जागा नाही.

तक्रार आहे ती दुसऱ्या बाजूची. ग्रँट यांच्या सरकारने दक्षिणेत जे केले, ते १९४८ मध्ये एक तर मोजलेच गेले नाही किंवा उलटे मोजले गेले. कोलंबिया विद्यापीठातले विल्यम डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यादवी युद्धानंतरच्या 'पुनर्रचना' पर्वाचा इतिहास लिहिला. त्यांच्या मते नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार देणे ही घोडचूक होती, उत्तरेतून आलेल्या उपटसुंभांनी दक्षिण लुटली आणि गोऱ्यांनी सत्ता परत घेतली तेव्हा कुठे त्या प्रदेशाची सुटका झाली. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९३५ मध्येच या मांडणीला सविस्तर उत्तर दिले होते. विद्यापीठांनी ते मनावर घ्यायला आणखी तीस वर्षे लागली.

डनिंग यांची मांडणी पुस्तकांपुरती राहिली नाही. लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या दिवशी, गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. त्यांतल्या अनेकांना शरण आल्यानंतर मारले. त्या जागी १९५० च्या सुमारास राज्य सरकारने फलक लावला. फलकावर या प्रकाराला दंगल म्हटले होते आणि तिच्यामुळे दक्षिणेतला उपऱ्यांचा गैरकारभार संपला, असे समाधानाने नोंदवले होते. श्लेसिंजरांची यादी आणि हा फलक यांच्यात दोनेक वर्षांचेच अंतर आहे. फलक खाली उतरला २०२१ मध्ये.

आता ग्रँटनी केले काय ते पाहू. वंशामुळे मताधिकार नाकारता येणार नाही, ही पंधरावी घटनादुरुस्ती १८७० मध्ये मंजूर झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारचे न्याय खाते उभे राहिले. कू क्लक्स क्लॅनचे बुरखेधारी रात्री घरात घुसून मतदारांना फटके मारत होते, खून पाडत होते आणि स्थानिक ज्युरी त्यांना सोडून देत होत्या. एप्रिल १८७१ मध्ये ग्रँट यांच्या आग्रहाने क्लॅनविरोधी कायदा झाला. ऑक्टोबरमध्ये त्यांनी दक्षिण कॅरोलायनातल्या नऊ काउंट्यांत बंदी प्रत्यक्षीकरणाचा हक्क स्थगित केला, सैन्य पाठवले आणि शेकडो लोकांना अटक करवली. हे खटले चालवणारे अ‍ॅटर्नी जनरल एमॉस एकरमन हे जॉर्जियाचे, युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले. १८७२ उजाडेपर्यंत क्लॅनचा कणा मोडला होता. फ्रेडरिक डग्लस यांनी त्या वर्षी ग्रँट यांचा हिरीरीने प्रचार केला तो उगाच नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा काळ ओळखीचा वाटायला हवा. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ मध्ये निघाली, तीच कोलफॅक्सच्या कत्तलीच्या वर्षी. निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना जोतीरावांनी ती अर्पण केली आणि आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. त्या वेळी व्हाइट हाउसमध्ये ग्रँट होते. सहा वर्षांनी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, जगप्रवासाला निघालेले ग्रँट मुंबईत उतरले आणि मलबार पॉइंटच्या सरकारी बंगल्यात राहिले. पुण्यातल्या एका माळी समाजातल्या विचारवंताला ज्या लढ्याचे मोल कळले होते, त्याचे मोल अमेरिकेतल्या नामवंत प्राध्यापकांना पुढे कित्येक दशके कळले नाही, ही गोष्ट या विषयात विसरता येण्यासारखी नाही.

ग्रँट एकटेच सरकलेले नाहीत, हे पाहिले की सोलापूरच्या प्रश्नाचे उत्तर हाती येते. त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी १८६६ च्या नागरी हक्क कायद्यावर नकाराधिकार वापरला होता आणि १८६८ मध्ये महाभियोगातून ते एका मताने वाचले. १९४८ मध्ये ते 'सामान्य' गटात होते, ग्रँट यांच्या बरेच वर. २०२१ मध्ये ते ४३ वे आहेत, त्यांच्या खाली फक्त जेम्स बुकॅनन. एक खाली आला आणि दुसरा वर गेला, कारण दोघांच्या मागचा प्रश्न एकच: पुनर्रचनेच्या काळात कोणाची बाजू न्याय्य होती? वुड्रो विल्सन हेही त्याच वाटेने उतरले. १९४८ मध्ये ते चौथे होते, २०२१ मध्ये तेरावे. केंद्रीय खात्यांत गोऱ्या आणि काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवण्याचा प्रकार त्यांच्याच कारकिर्दीत फोफावला.

सी-स्पॅनच्या दहा कसोट्यांत 'सर्वांना समान न्याय' ही एक स्वतंत्र कसोटी आहे. आजच्या काळाची फूटपट्टी दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला लावता, असा आक्षेप तिच्यावर नेहमी घेतला जातो. ग्रँट यांच्या बाबतीत तो टिकत नाही. कायद्याचे समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती जुलै १८६८ ची आहे आणि ग्रँटनी मार्च १८६९ मध्ये शपथ घेतली ती त्याच घटनेची. फूटपट्टी त्यांच्या काळातच तयार होती. ती १९४८ मध्ये कोणी हातात घेतली नाही, इतकेच.

मात्र त्याच कसोटीवर ग्रँट १८७५ मध्ये अडखळले. मिसिसिपीत निवडणुकीपूर्वी कृष्णवर्णीय मतदारांवर हल्ले सुरू झाले आणि गव्हर्नर एडलबर्ट एम्स यांनी सैन्य मागितले. नवे अ‍ॅटर्नी जनरल एडवर्ड्स पिअरपाँट यांनी कळवले की दरवर्षी शरद ऋतूत उसळणाऱ्या या दंग्यांना जनता कंटाळली आहे. हे शब्द ग्रँट यांच्याच पत्रातले होते. पूर्ण पत्रात ते कारवाईलाही तयार दिसतात, पण पिअरपाँटनी कंटाळ्याचे वाक्य पुढे केले आणि ग्रँटनी ते चालू दिले. ओहायोची निवडणूक तोंडावर आली होती आणि दक्षिणेत सैन्य पाठवले तर ओहायोत पक्षाची मते जातील अशी भीती होती. मिसिसिपीचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी जॉन लिंच यांनी पुढे लिहिले आहे की, ही आपली मोठी चूक झाली असे ग्रँटनी त्यांच्यापाशी बोलून दाखवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सू जमातीच्या ब्लॅक हिल्समध्ये घुसणाऱ्या सोनेशोधकांना यापुढे अडवायचे नाही, असेही व्हाइट हाउसमधल्या बैठकीत ठरले आणि पुढच्या वर्षी तिथे युद्ध पेटले. विसावा क्रमांक ग्रँट यांना रास्त वाटतो, पण त्यांना पहिल्या दहांत नेऊ पाहणाऱ्यांनी १८७५ चा हा शरद ऋतू आधी वाचावा.

एम्स यांची गोष्ट इथे संपत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत न बसलेल्याने राष्ट्राध्यक्षाला गुण देऊ नयेत, हा राष्ट्राध्यक्ष केनेडींचा आक्षेप गेल्या आठवड्यात आलाच आहे. पण त्याच केनेडींनी १९५६ च्या 'प्रोफाइल्स इन करेज' या पुस्तकात डनिंग पठडीच्या आधाराने एम्स यांच्या मिसिसिपीतल्या कारभाराला नापास करून टाकले होते. एम्स यांची कन्या ब्लँच एम्स तेव्हा हयात होती. मजकूर दुरुस्त करा, अशी पत्रे तिने केनेडींना सतत पाठवली आणि ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही पाठवत राहिली. तिचा नातू, लेखक जॉर्ज प्लिंप्टन, केनेडी कुटुंबाच्या मित्रमंडळींतला. व्हाइट हाउसमधल्या एका भोजनप्रसंगी केनेडींनी त्याला बाजूला घेऊन सांगितले की तुझ्या आजीची पत्रे आता थांबव. पुस्तकातला मजकूर बदलला नाही. मग ब्लँचने वडिलांचे चरित्र स्वतःच लिहिले. १९६४ मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा तिचे वय ८६ च्या आसपास होते.

या सगळ्यात बुकॅनन राहून गेले. कबूल केलेला त्यांचा हप्ता आता पुढच्या आठवड्यात. गुलामगिरीच्या प्रश्नावरच्या ड्रेड स्कॉट खटल्याच्या निकालाआधी त्यांनी सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींना जी पत्रे लिहिली, तिथून सुरुवात करू.