चार नॉटची पृथ्वीप्रदक्षिणा

१९९७ साली ‘सुहेली’ नावाची एक छोटी शिडाची बोट लंडनजवळच्या ग्रिनिच इथल्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये मुक्कामाला गेली. तिथे तिची बडदास्त चोख होती. डोक्यावर छप्पर, नियंत्रित तापमान, कोरडी स्वच्छ हवा. नेमकी ती कोरडी हवाच तिला भोवली. सागवानी फळ्या वाळून आक्रसू लागल्या, सांधे उघडे पडू लागले. शेवटी तिचे मालक सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तिथून बाहेर काढलं आणि पुन्हा पाण्यात घालायच्या तयारीला लागले.

लाकूड पाणी पितं तेव्हा लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र फुगतं. लाकडी बोट बांधणारे पिढ्यान्‌पिढ्या याच गुणावर विसंबून आहेत. दोन फळ्यांमधल्या फटीत कापूस ठासायचा, वर पुट्टी भरायची आणि बोट पाण्यात सोडायची. मग फळ्या फुगून एकमेकींना अशा भिडतात की फट मिटते. सागवान इतर लाकडांच्या मानाने कमी फुगतं, कमी आक्रसतं आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे लवकर कुजत नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. वर्षानुवर्षं कोरड्यात ठेवल्यावर सागवानही हार मानतं.

हे सागवान मुंबईचं. मर्चंट नेव्हीत अधिकारी असलेल्या नॉक्स-जॉन्स्टन यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला ही बोट मुंबईत बांधून घेतली. आराखडा विल्यम ॲटकिन या अमेरिकन माणसाचा, १९२०च्या दशकातला. त्याचं मूळ त्याहून जुनं, कॉलिन आर्चरने नॉर्वेच्या खवळलेल्या किनाऱ्यासाठी आखलेल्या बचावनौकांमध्ये. मुंबईच्या कारागिरांनी ती वाकस, करवत आणि दोरीच्या कमानीने फिरवायचा सामता अशा हत्यारांनी घडवली. १९६४च्या डिसेंबरात नारळ फुटला आणि बोट पाण्यात उतरली. लांबी ३२ फुटांच्या आसपास, रुंदी ११ फूट, दोन डोलकाठ्या आणि बोटीच्या तळाला नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुकाणूपर्यंत गेलेला लांबलचक कणा, म्हणजे कील. वजन दहा टनांच्या घरात. त्या काळातल्या शर्यतीच्या बोटींपुढे ती ठेंगणी, जाडजूड आणि जुनाट दिसायची.

१४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून या बोटीने एकटेच निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ रोजी फाल्मथला परतले. ३१२ दिवस. असं करणारा जगातला हा पहिला माणूस, आणि ही पहिली बोट. ‘संडे टाइम्स’च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण उतरले होते, पूर्ण केली एकट्या त्यांनी. कापलेलं अंतर ३०,००० सागरी मैलांहून थोडं जास्त. भागाकार केला तर सरासरी वेग येतो चार नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे हा वेग ताशी साडेसात किलोमीटरसुद्धा नाही. सकाळी बागेत धावणारे काका याहून वेगात जातात.

एवढी मंद बोट जिंकली कशी, हा प्रश्न रास्त आहे. पण ती मंद का होती, ते आधी पाहू.

पाण्यातून जाणारी बोट आपल्या नाळेने पाणी ढकलते, त्याची लाट उठते. खोल पाण्यातल्या लाटेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो: जितकी लाट लांब, तितकी वेगवान, पण वर्गमुळाच्या हिशेबाने. बोट आणि तिने उठवलेली लाट एकाच वेगाने चालतात. त्यामुळे बोट वेग घेईल तशी तिची लाट लांब होत जाते. एक वेळ अशी येते की लाटेची एक शेंडी नाळेपाशी असते, दुसरी थेट बोटीच्या मागच्या टोकाला आणि बोट दोन्हींच्या मधल्या खळग्यात बसलेली. याहून वेगात जायचं तर मागची शेंडी आणखी मागे सरकते, बोटीचा मागचा भाग खाली बसतो आणि तिला स्वतःच्याच लाटेचा चढ चढावा लागतो. अवजड बोटीला ते झेपत नाही. ताकद कितीही वाढवली तरी वेग नावापुरता वाढतो. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७०च्या दशकात टॉर्कीला लांबट टाकी बांधून, तिच्यात बोटींचे नमुने ओढून या गोष्टींची पद्धतशीर मोजदाद केली. आजही जहाजांच्या आराखड्यांची चाचणी त्याच पद्धतीने होते.

हिशेब सोपा आहे. पाण्याला टेकलेल्या भागाची फुटांतली लांबी घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. सुहेलीची ही लांबी २८ फूट, म्हणजे मर्यादा सुमारे सात नॉट. दुप्पट वेग हवा असेल तर बोट चौपट लांब हवी, ११२ फुटांची. छोटी क्रूझिंग बोट घेणाऱ्याने विक्रेत्याच्या तोंडच्या वेगाच्या गप्पा ऐकण्यापेक्षा खिशातल्या मोबाइलवर हे वर्गमूळ काढून पाहावं.

यातून पळवाट आहे. बोटीचं अंग हलकं आणि अगदी अरुंद केलं की लाटच लहान उठते आणि मर्यादा ओलांडता येते. तीन अरुंद अंगांची ट्रायमरान याच तत्त्वावर पळते. १९६८च्या शर्यतीत नायजेल टेटली अशाच बोटीत होते. त्यांचं पुढे काय झालं, ते येईलच.

आता वारा. वाऱ्याच्या दिशेने बोट जाते यात नवल नाही. वाऱ्याच्या विरुद्ध, निदान तिरकी, कशी जाते हे मात्र पहिल्यांदा शिडाच्या बोटीत बसणाऱ्याला पटत नाही. शीड म्हणजे उभा धरलेला पंख. त्याच्या बाकामुळे वारा वळतो. वारा एका बाजूला वळवला की प्रतिक्रिया म्हणून शीड दुसऱ्या बाजूला ढकललं जातं. एका अंगाला हवेचा दाब कमी, दुसऱ्या अंगाला जास्त, असंही ते सांगता येतं, दोन्ही एकच. (पंखाच्या वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता असतो म्हणून ती खालच्या हवेला गाठायला वेगात धावते, हे शाळेत सांगितलं जाणारं कारण चूक आहे. हवेच्या दोन कणांनी पुन्हा भेटायचं कुठे ठरवलेलं नसतं.)

पण हा जोर बोटीला पुढे कमी आणि आडवं जास्त ढकलतो. तो आडवा जोर थोपवते पाण्याखालची कील. बोट किंचित आडवी घसरते, त्यामुळे कीलवर पाणी तिरकं येतं, आणि कीलही पाण्यातला पंख होऊन उलट बाजूला ओढते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन, म्हणून आभाळातल्या एवढ्या मोठ्या शिडाला पाण्याखालची एवढीशी कील पुरते. हवा एकीकडून, पाणी दुसरीकडून दाबतं आणि चिमटीत धरलेला भिजवलेला बदाम सालातून सटकावा तशी बोट पुढे निसटते.

इथे सुहेलीची बाजू लंगडी. विमानाचे पंख लांब आणि चिंचोळे असतात, कारण तसा पंख कमी खर्चात जास्त जोर देतो. आजच्या बोटींची कील तशीच, खोल आणि अरुंद. त्या वाऱ्याशी ४५ अंशांच्या कोनात आरामात चढतात. सुहेलीची कील लांब आणि उथळ, म्हणजे पंख म्हणून सुमारच. वारा समोरून आला की ती फार तिरकी जाते, आडवी जास्त घसरते. मुक्कामाला पोचायला मग नागमोडी वाट आणखी लांबते.

शर्यतीच्या सुरुवातीलाच, अटलांटिकमध्ये, तिच्या पोटात पाणी जमायला लागलं. नॉक्स-जॉन्स्टन यांनी पाण्यात उतरून पाहिलं, तर मुख्य डोलकाठीच्या खाली, कीलला लागून असलेला फळ्यांचा सांधा दोन्ही अंगांना उघडला होता. बोट लाटांवर डोलत असताना श्वास रोखून खाली जायचं, फटीत कापसाचा पीळ ठोकायचा, दम संपला की वर यायचं. कापूस बसेना. मग त्यांनी कापूस कॅनव्हासच्या पट्टीला शिवला, पट्टीला डांबर फासलं, तिच्यात तांब्याच्या चुका टोचून ठेवल्या आणि ती पट्टी खाली नेऊन सांध्यावर ठोकली. वरून तांब्याचा पत्रा. गोरं अंग पाण्यात उठून दिसू नये म्हणून निळा शर्ट आणि जीन्स घालून ते बुडी मारत होते. तरी एक शार्क आलाच. बोटीवर चढून त्यांनी तो बंदुकीने मारला आणि काम पुरं केलं. गळती आटोक्यात आली. माझ्या मते बोटीचा पहिला गुण इथे दिसतो. कापूस, डांबर, खिळे आणि हातोडी एवढ्यावर भर समुद्रात दुरुस्त होणारी ती बोट होती.

दुसरा गुण वजनाचा. दक्षिण महासागरात जमीन आडवी येत नाही, त्यामुळे लाटा पृथ्वीभोवती मोकाट धावतात. अशा एका लाटेने सप्टेंबर १९६८मध्ये सुहेलीला साफ आडवं पाडलं. केबिनचं छप्पर हललं, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या. पुढे त्यांनी शिडावरून गळणारं पावसाचं पाणी बादलीत धरून दिवस काढले. पण बोट उठली, आपली आपण. बोट कलते तेव्हा पाण्यातल्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर कललेल्या बाजूला सरकतो. तळाचं जड लोखंड मात्र दुसऱ्या बाजूला राहून खाली ओढतं. या जोडीतून बोटीला सरळ करणारी मुरड तयार होते. बोट जितकी कलते, तितका शिडाला वाराही कमी लागतो. अगदी आडवी झाली की शिडात वारा उरतच नाही, लोखंडाची ओढ मात्र पुरती असते.

ट्रायमरानचं गणित उलटं. ती तळाच्या वजनाऐवजी रुंदीवर उभी असते. सुरुवातीला ती कमालीची ताठ असते, जेमतेम कलते. पण एका अंशापलीकडे गेली की तिची ताकद ओसरते. आणि एकदा पालथी झाली की पालथी राहण्यातच ती स्थिर असते. टेटलींची बोट पालथी झाली नाही, ती मोडली. पृथ्वीचा वळसा जवळजवळ पुरा करून, मागचा स्पर्धक गाठेल या समजुतीने ते प्लायवूडच्या बोटीला वेगात हाकत होते. मे १९६९मध्ये अझोर्स बेटांजवळ ती फुटून बुडाली. टेटलींना वाचवण्यात आलं.

तिसरा गुण मला सगळ्यांत मोठा वाटतो. एकटा माणूस चोवीस तास सुकाणू धरू शकत नाही. सुहेलीवर वाऱ्याच्या पात्यावर चालणारी यंत्रणा होती, नॉक्स-जॉन्स्टन तिला ‘ॲडमिरल’ म्हणत. ऑस्ट्रेलियाच्या आसपास ती मोडली ती मोडलीच. तिथून पुढे अर्ध्या पृथ्वीचं अंतर बोट बरंचसं शिडांच्या तोलावर चालली. दोन डोलकाठ्यांचा फायदा इथे. पुढचं शीड नाळ वाऱ्यापासून दूर ढकलतं, मागचं शीड ती वाऱ्याकडे वळवतं. दोरांची ओढ कमीजास्त करून दोन्हींचा असा मेळ घालायचा की बोट वाऱ्याकडे वळली तर पुढच्या शिडाने तिला परत लोटावं, दूर गेली तर मागच्याने ओढून घ्यावं. लांब कीलमुळे बोट सावकाश वळते, म्हणून शिडांना चूक सुधारायला वेळ मिळतो. पंख म्हणून सुमार असलेली तीच कील इथे कामाला येते. खालच्या फळीवर माणूस झोपलेला आणि बोट दिशा धरून आहे, हे आखूड कीलच्या चपळ बोटीला सहसा जमत नाही.

२०१८ साली गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा भरली. बोटी ३२ ते ३६ फुटांच्या, लांब कीलच्या, जुन्या आराखड्याच्या. जीपीएस बंद, सूर्य-ताऱ्यांवरून ठिकाण काढायचा सेक्स्टंट चालू. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी ‘तुरीया’ घेऊन उतरले. ती सुहेलीच्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेली. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती कोलांटली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली. फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजाने त्यांना उचललं. छोट्या बोटीचं शास्त्र पक्कं असलं तरी चौदा मीटरच्या लाटेपुढे त्याची हद्द संपते.

त्याच शर्यतीत एक प्रयोग नकळत घडला. पहिले आलेले फ्रान्सचे जाँ-लुक व्हॅन देन हीड २१२ दिवसांत परतले. पाचवे आलेले फिनलंडचे तापियो लेहतिनेन यांना लागले ३२२, म्हणजे सुहेलीपेक्षाही दहा दिवस जास्त. बोटींची लांबी जवळपास सारखीच. फरक पाडला तो लेहतिनेन यांच्या बोटीच्या बुडाला चिकटलेल्या बार्नकल्स नावाच्या कवचधारी जीवांनी. बोट कमी वेगात असते तेव्हा लाटेचा अडसर थोडा. बहुतेक विरोध पाण्याच्या घर्षणाचा असतो आणि बूड खरबरीत झालं की तोच खूप वाढतो. बोट पाण्याबाहेर ओढून बूड खरवडायचं आणि तांब्याचा अंश असलेला रंग द्यायचा, हा बोटमालकांचा दर हंगामाचा कंटाळवाणा खर्च त्यासाठीच असतो.

टॉमी २०२२च्या शर्यतीत परत उतरले. पाठीत धातूच्या सळ्या, बोट ‘बायानात’, रस्टलर ३६ जातीची. वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूचं पातं तुटलं तेव्हा त्यांनी शौचालयाचं दार कापून नवं बनवलं. २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांनी, ते दुसरे आले. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर पहिल्या. बायानातची पाण्याला टेकलेली लांबी २७ फुटांच्या आसपास, सुहेलीपेक्षा थोडी कमीच. फायबरचं गुळगुळीत अंग, सिंथेटिक शिडं आणि अर्ध्या शतकाचा अनुभव एवढं सगळं जमेला धरूनही तिची सरासरी सुमारे सव्वापाच नॉट. ५४ वर्षांत कमाई सव्वा नॉटची.