आकडा ‘नॉर्मल’, हृदय नव्हे

सुरतेच्या डिंडोली, उधना, लिंबायत भागात खानदेशातून गेलेल्या आपल्या बांधवांची मोठी वस्ती आहे. धुळे-जळगाव-नंदुरबारकडची ही मंडळी यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या काढतात. शिबिरात रक्त द्यावे, ‘एकूण कोलेस्टेरॉल’ २०० च्या आत दिसताच कागदाची घडी घालून तो देवाच्या तसबिरीमागे सारावा आणि पुन्हा पाळीवर जावे, हा प्रकार तेथे काय आणि आपल्या किनाऱ्यावर काय, सर्रास घडतो. या निर्धास्तपणालाच आमचा आक्षेप आहे.

समजा, चाळिशीतील एका कामगाराचे एकूण कोलेस्टेरॉल १९५, एचडीएल ३२ व ट्रायग्लिसराइड २६० आले. फ्रीडवाल्ड यांच्या १९७२ च्या सूत्राप्रमाणे एकुणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करता एलडीएल १११ येते. पाहणारा म्हणेल, ठीकच आहे. पण एकुणातून केवळ एचडीएल वजा करा, उरतात १६३! रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून बसणारे सारे कोलेस्टेरॉल या एका आकड्यात येते. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार, ज्याला धोका कमी त्याचाही हा आकडा १३० च्या आत हवा. चौथीतले पोर करील अशी ही वजाबाकी. पण ती करून पाहतो कोण?

बरे, आकडा एकटा पाहूनही भागत नाही. त्याच्या शेजारी तंबाखू, रक्तदाब, मधुमेह आणि वडिलांना अकाली आलेला झटका मांडावा लागतो. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी, तर इतरांना ५९ च्या सुमारास आल्याचे दिसले. म्हणजे मुलगी लग्नाची आणि मुलगा शिकत असतानाच घरचा कर्ता आडवा होतो. आनुवंशिक लिपोप्रोटीन-ए ची तपासणी आयुष्यात एकदा तरी करावी, असेही तीच मार्गदर्शिका सांगते. पहिल्या तपासणीस उपाशी राहण्याची गरज नाही, हेही तीत आहे. त्यासाठी खाडा करावयास नको.

आणखी एक खोड. गोळीने आकडा उतरला की गोळीच बंद! स्टॅटिनचा गुण ती पोटात जाते तोवरच. थांबवली की काही आठवड्यांत आकडा पूर्वपदावर येतो.

शिबिरे भरविणाऱ्या मंडळांनी नुसते कागद वाटून मोकळे होऊ नये. डॉक्टरांनी माणसाला समोर बसवून ही वजाबाकी करून दाखवावी, आणि पुढची तपासणी केव्हा, हे त्याच कागदावर त्याला वाचता येईल अशा मराठीत लिहून द्यावे.