ऊन नसलेला उन्हाळा : आयर्लंडमधील आपली मुले

'उन्हाळा' हा आपल्या भाषेत सोसण्याचा शब्द आहे. उन्हाळा तापतो, बाधतो, अंगावर उठतो, आणि तो केव्हा एकदा संपतो म्हणून आपण मृग नक्षत्राकडे डोळे लावून बसतो. आयर्लंडमध्ये याच्या नेमके उलट आहे. तेथील माणूस वर्षभर उन्हाळ्याची वाट पाहतो, आणि तो उन्हाळा पुष्कळदा कॅलेंडरावर येतो पण आकाशात येत नाही.

बेळगाव आणि परिसरातील अनेक मराठी कुटुंबांतील तरुण डॉक्टर, परिचारिका व संगणक अभियंते आज डब्लिन, कॉर्क, गॉलवे, लिमरिक येथे स्थिरावले आहेत. मी स्वतः काही वर्षे त्या देशात बालरोग विभागात काम केले. त्यामुळे दरवर्षी जून-जुलै महिन्यांत मला दोन प्रकारचे दूरध्वनी येतात. तिकडून तरुण आई विचारते, "डॉक्टर, तीन आठवडे पाऊसच आहे, मुलाला बाहेर न्यावे की नाही?" इकडून तिची सासू किंवा आई सांगते, "तुम्हीच समजावा हो तिला. थंडीपावसात लेकराला घेऊन फिरते!" या दोन्ही प्रश्नांना एकत्रित उत्तर द्यावे, हा या लेखाचा हेतू आहे.

हा उन्हाळा असा का?

आयर्लंड हा देश सुमारे ५१ ते ५५ अंश उत्तर अक्षांशांवर, अटलांटिक महासागराच्या काठावर आहे. समुद्र सावकाश तापतो व सावकाश निवतो. उष्ण सागरी प्रवाहामुळे तेथील हिवाळा त्या अक्षांशाच्या मानाने सौम्य असतो, पण तोच समुद्र उन्हाळ्यालाही तापू देत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे कमाल तापमान सरासरी १९ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. त्यावर नैर्ऋत्येकडून येणारे दमट वारे असतात. आकाशात उंचावरून वाहणारा वेगवान वायुप्रवाह, ज्याला 'जेट स्ट्रीम' म्हणतात, तो ज्या वर्षी आयर्लंडच्या उत्तरेकडून जातो, त्या वर्षी अझोर बेटांकडील उच्च दाबाचे क्षेत्र वर सरकते आणि छान ऊन पडते. तो प्रवाह आयर्लंडवरून किंवा दक्षिणेकडून वाहू लागला, की कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येतात आणि महिना ओला जातो.

पावसाच्या प्रमाणाचा विचार केला तर आपल्याला हसू येईल. डब्लिनमध्ये वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याहून अधिक मुंबईत एकट्या जुलैत पडतो. आपल्या आंबोलीचे तर नावच काढायला नको. परंतु तेथे प्रश्न प्रमाणाचा नसून सातत्याचा आहे. वर्षातील पावसाळी दिवस पूर्व किनाऱ्यावर सुमारे १५०, तर पश्चिमेच्या काही भागांत सुमारे २२५ असतात, आणि ते बाराही महिन्यांत विखुरलेले असतात. आपल्याकडे पाऊस कोसळतो आणि मग उघडीप देतो. तिकडे बुरबुर चालू राहते. अशा दिवसाला तेथील लोक 'सॉफ्ट डे', म्हणजे मऊ दिवस, असे कौतुकाचे नाव देतात.

वर्षावर्षांत फरकही मोठा असतो. २०२३ मध्ये जून महिना नोंदींतील सर्वांत उष्ण जून ठरला आणि लगेच पुढचा जुलै सर्वांत ओला जुलै ठरला. २०२४ चा उन्हाळा २०१५ नंतरचा सर्वांत थंड उन्हाळा होता, तर २०२५ चा नोंदींतील सर्वांत उष्ण. म्हणजे भरवसा ठेवावा असे काहीच नाही, आणि निराशेचे मूळ येथेच आहे.

निराशा कशाची?

बेळगावच्या माणसाला थंड-ओला जुलै नवा नाही. आपल्याकडेही त्या महिन्यात कमाल तापमान पंचविशीच्या आसपास असते, आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, कपडे वाळत नाहीत. तरी आपण निराश होत नाही, कारण आपण पावसाची अपेक्षा केलेली असते. पावसाने दडी मारली तर मात्र आपला जीव कासावीस होतो. आयर्लंडमध्ये ऊन हेच त्यांचे मृगाचे पाणी आहे. उन्हाळा कोरडा जाणे ही त्यांची सुगी, आणि तो ओला जाणे हा त्यांचा दुष्काळ. ही तुलना मनात धरली, की तेथील माणूस हवामानाविषयी इतके का बोलतो हे समजते.

दुष्काळ हा शब्द मी केवळ अलंकार म्हणून वापरलेला नाही. १८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि १८१६ हे वर्ष 'उन्हाळा नसलेले वर्ष' म्हणून इतिहासात नोंदले गेले. आयर्लंडमध्ये पिके बुडाली आणि पाठोपाठ १८१७ ते १८१९ या काळात टायफसची साथ पसरली. १८४५ पासून बटाट्यावर जो करपा पडला, त्याला थंड, दमट हवा अनुकूल असते. त्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे तितक्यांनीच देश सोडला. १९४६ साली सततच्या पावसाने उभे पीक हातचे जाण्याची वेळ आली, तेव्हा सरकारच्या आवाहनावरून शहरांतील हजारो माणसे शेतावर कापणीसाठी गेली. आजही तेथील हवामान खाते उन्हाळ्यात बटाट्याच्या करप्याचा इशारा देते. ओल्या उन्हाळ्याची धास्ती ही त्या समाजाची जुनी स्मृती आहे.

मुलांच्या आरोग्याचा हिशेब

आता माझ्या विषयाकडे वळतो. अशा उन्हाळ्यात चार गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते.

पहिली गोष्ट ड जीवनसत्त्वाची. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होण्यासाठी अतिनील किरणांपैकी 'ब' प्रकारचे किरण लागतात. आयर्लंडच्या अक्षांशावर साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात सूर्य इतका कलता असतो, की हे किरण पुरेशा प्रमाणात जमिनीवर पोहोचतच नाहीत. म्हणजे वर्षाची बेगमी उन्हाळ्यातच करायची. तो उन्हाळा ढगांत गेला तर कोठार रिकामेच राहते. त्यात आपली त्वचा सावळी. तिच्यातील मेलॅनिन हे किरण अडवते, म्हणून तेवढेच जीवनसत्त्व तयार होण्यास आपल्या मुलांना गोऱ्या मुलांपेक्षा अधिक वेळ ऊन लागते. आईच्याच शरीरात साठा कमी असेल, तर अंगावर पिणाऱ्या बाळाला तो मिळणार कोठून? अशा बाळांत मुडदूस होऊ शकतो, आणि क्वचित रक्तातील कॅल्शियम घटून आकडीही येऊ शकते.

काही आजी सांगतात, "बाळाला खिडकीशी काचेआडच्या उन्हात ठेव." याचा उपयोग नाही, कारण खिडकीची साधी काच 'ब' किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. सहा महिन्यांखालील बाळाला थेट उन्हात ठेवणेही योग्य नव्हे. येथे सरळ उपाय आहे तो थेंबांचा. अंगावर पिणाऱ्या, किंवा दिवसाला ३०० मिलिलिटरपेक्षा कमी डब्याचे दूध घेणाऱ्या प्रत्येक बाळाला जन्मापासून पहिल्या वाढदिवसापर्यंत रोज ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० युनिट, ड जीवनसत्त्व द्यावे, अशी तेथील सरकारी आरोग्यसेवेची सूचना आहे. एक ते चार वर्षांच्या मुलांना ३१ ऑक्टोबर ते १७ मार्च या काळात तेवढीच मात्रा द्यावयाची असते. आपल्याकडे भारतीय बालरोग संघटना अर्भकांसाठी ४०० युनिट सांगते. म्हणून येथून औषध पाठवताना ते तेथील थेंबांत मिळवू नये, दुहेरी मात्रा होते. सावळ्या वर्णाच्या मोठ्या मुलांना व गरोदर मातांना वर्षभर पूरक मात्रा लागेल का, हे तेथील डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

दुसरी गोष्ट सर्दी-दम्याची. पावसात भिजल्याने विषाणू जन्माला येत नाहीत. ते माणसाकडून माणसाकडे जातात, आणि बंद खोलीत दाटीने बसल्यावर अधिक वेगाने जातात. म्हणजे 'पाऊस आहे, घरातच बसा' हा सल्ला सर्दीपासून रक्षण करीत नाही, उलट तिला आमंत्रण देतो. भिजल्यावर कोरडे कपडे घातले व डोके पुसले, की काम झाले. खरा धोका घरातील ओलीचा आहे. खिडक्या बंद ठेवून खोलीतच कपडे वाळवले की भिंतीला बुरशी धरते, आणि दम्याच्या मुलाला ती बाधते. आयर्लंडमध्ये मुलांत दम्याचे प्रमाण मुळातच बरेच आहे. रोज थोडा वेळ खिडक्या उघडाव्यात, स्वयंपाक व स्नान करताना हवा बाहेर फेकणारा पंखा चालू ठेवावा, शक्य असल्यास हवेतील ओल शोषणारे यंत्र घ्यावे.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. लहान वयात दिवसाकाठी पुरेसा वेळ घराबाहेर घालवणाऱ्या मुलांत ऱ्हस्वदृष्टी सुरू होण्याचे प्रमाण कमी आढळते. त्यासाठी कडक ऊन लागत नाही. घरातील दिव्याखाली साधारण ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो, तर ढगाळ दिवशीही उघड्यावर काही हजार लक्स असतो. आपल्या डोळ्यांना जो दिवस उदास वाटतो, तोही मुलाच्या डोळ्यांना खोलीपेक्षा कितीतरी पट प्रकाश देतो.

चौथी गोष्ट झोपेची. जूनच्या अखेरीस डब्लिनमध्ये सूर्य पहाटे पाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो. ढगाळ असला तरी उजेड असतोच. "अजून दिवस आहे, मी का झोपू?" हा मुलाचा प्रश्न रास्त आहे. घड्याळ पाहून, जाड पडदे ओढून, ठरलेल्या वेळी झोपवणे हाच उपाय. झोप बिघडली की चिडचिड वाढते, आणि त्याचा दोष आपण उगाच पावसाला देतो.

दिवस कसा घालवावा?

खानापूरकडील शेतकरी इरले किंवा घोंगडीची खोळ घेऊन भर पावसात लावणी करतो, तो उघडिपीची वाट पाहत नाही. आयर्लंडमध्ये मुलांना वाढवायचे तर हीच वृत्ती हवी. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. टोपीचा चांगला रेनकोट, वरून चढवायची जलरोधक विजार, गमबूट, आणि आत एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ थर, एवढी तयारी दाराशी टांगलेली असावी. पिशवीत मोज्यांचा एक जादा जोड असावा. दिवसभर पाऊस क्वचितच लागून राहतो. तासाभराची उघडीप मिळाली, की बाहेर पडायचे. अशा उघडिपीत कधी ऊन प्रखरही असते. एप्रिल ते सप्टेंबर ढगाळ दिवशीसुद्धा अतिनील किरणांपासून त्वचा जपावी, असे तेथील आरोग्यसेवा सांगते.

प्राथमिक शाळांना जुलै व ऑगस्ट सुट्टी असते. गेलिक खेळांच्या संघटनेची उन्हाळी शिबिरे गावोगावी भरतात. तेथे पाऊस आला म्हणून हर्लिंग थांबत नाही. आपली मुले प्रथम बुजतात, पण मैत्री तेथेच होते. सार्वजनिक ग्रंथालये विनामूल्य आहेत, आणि दर उन्हाळ्यात 'समर स्टार्स' नावाचा वाचन-उपक्रम देशभर चालतो. राष्ट्रीय संग्रहालयालाही प्रवेशशुल्क नाही. तेव्हा दूरदर्शन संच व भ्रमणध्वनी हाच पावसावरचा एकमेव उतारा नव्हे.

आईचे काय?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा मुलाचा नसून आईचा आहे. नवरा रुग्णालयात लांबलचक पाळ्या करतो. ती परक्या गावात, तान्ह्या बाळासह, चार भिंतींत असते. बाहेर दिवसचे दिवस करडे आकाश. बाळंतपणानंतरचे नैराश्य आपल्याकडेही असते, पण येथे दार उघडले की शेजारीण असते. तेथे ती नसते. बाळाचे वजन वाढत नाही म्हणून आणलेल्या काही मुलांच्या बाबतीत मला उत्तर बाळाच्या तपासणीत सापडले नाही. ते आईच्या चेहऱ्यावर दिसले. सतत रडू येणे, बाळ झोपले असतानाही झोप न लागणे, बाळाविषयी काहीच न वाटणे, ही लक्षणे हवामानाच्या माथी मारू नयेत. प्रसूतीनंतर घरी भेट देणारी सार्वजनिक आरोग्य परिचारिका हा तेथील व्यवस्थेतील मोठा आधार आहे. तिला मोकळेपणाने सांगावे. २०२३ पासून आठ वर्षांखालील सर्व मुलांसाठी कुटुंब-डॉक्टरांची भेट विनामूल्य आहे. मुलाच्या निमित्ताने गेलेल्या आईने स्वतःविषयीही दोन शब्द बोलावेत.

वडीलधाऱ्यांना विनंती

आयरिश पंचांगाप्रमाणे उन्हाळा मे, जून व जुलै या महिन्यांचा असतो. ऑगस्ट हा शरदाचा पहिला महिना धरतात, आणि सर्वाधिक ऊन मे-जूनमध्येच मिळते. म्हणून नातवंडांना भेटायला जाणार असाल तर शक्यतो मे महिन्यात जावे. उन्हाची आशा धरून ऑगस्टची वाट पाहू नये. आणि जे जाऊ शकत नाहीत, त्यांनी दूरध्वनीवर "पावसात बाहेर काढू नका" असे सांगण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत : बाळाला थेंब दिलेस का? आज बाहेर गेला होतात का? आणि तू कशी आहेस? तिसऱ्या प्रश्नानंतर थोडे थांबावे. सून किंवा लेक लगेच उत्तर देईलच असे नाही, पण तिला बोलायला वेळ मिळेल.