धूम्रपान सोडणाऱ्याने साधन कोणते निवडावे?

बिडी किंवा सिगारेट सोडण्याचा निश्चय केलेला मनुष्य प्रथम डॉक्टरांकडे जातोच असे नाही. पुष्कळदा तो आपल्या मनातील गोष्ट गावातील गुरुजींजवळ, कचेरीतील वडीलधाऱ्या सहकाऱ्याजवळ किंवा पंचायतीतील एखाद्या जाणत्या सदस्याजवळ बोलून दाखवितो. अलीकडे या बोलण्यात एक नवा प्रश्न डोकावू लागला आहे. शहरात नोकरीस असलेल्या मुलाने किंवा पुतण्याने आणलेले, पेनासारखे दिसणारे, विजेरीवर चालणारे एक उपकरण तो खिशातून काढतो आणि विचारतो, "हे ओढले तर बिडी सुटेल का? आणि घ्यायचेच तर यांतले चांगले कोणते?"

प्रश्न प्रामाणिक असतो. त्याला "असले काही करू नका" एवढेच उत्तर देऊन परत पाठविले तर तो मनुष्य पुन्हा बिडीकडेच वळण्याचा संभव अधिक. म्हणून हे उपकरण काय आहे, ते आपल्याकडे का चालत नाही आणि त्याच्या जागी कायदेशीर व उपयुक्त असे काय मिळते, हे विचारले जाणाऱ्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

धूर निराळा, निकोटिन निराळे

तंबाखूची तलफ लावणारा पदार्थ निकोटिन हा होय. परंतु कर्करोग, हृदयविकार आणि दमा-खोकल्यासारखे फुप्फुसांचे जुनाट विकार धूम्रपानामुळे होतात ते प्रामुख्याने निकोटिनमुळे नव्हे, तर पान जळताना निर्माण होणाऱ्या डांबरासारख्या द्रव्यांमुळे, कार्बन मोनॉक्साइड वायूमुळे व इतर विषारी घटकांमुळे. मनुष्य निकोटिनसाठी ओढतो आणि धुराने आजारी पडतो, असे थोडक्यात म्हणता येईल. बिडीच्या बाबतीत तर ती विझू नये म्हणून वरचेवर झुरके घ्यावे लागतात आणि त्यामुळे धूर अधिकच आत जातो.

झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. या वेगातच व्यसनाचे बळ आहे. सोडणाऱ्याला साधन हवे असते ते एवढ्यासाठी की, धूर बंद व्हावा, निकोटिन मात्र काही आठवडे थोडे थोडे व सावकाश मिळत राहावे, आणि शेवटी तेही थांबावे. कोणतेही साधन याच कसोटीवर पारखावयास हवे.

ई-सिगारेटचा पर्याय

इलेक्ट्रॉनिक सिगारेटमध्ये बॅटरी, तापणारी तारेची गुंडाळी, वात आणि द्रवाची कुपी असे भाग असतात. द्रवात ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल, सुगंधी द्रव्ये व निकोटिन असते. गुंडाळी तापली की द्रवाचे बाष्प होते व ते ओढले जाते. काही जळत नसल्याने डांबर व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होत नाहीत. म्हणून ब्रिटनमध्ये सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या प्रौढांना हे साधन वापरू दिले जाते. तेथे द्रवातील निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी नसावी, असे निर्बंध आहेत आणि विक्रीपूर्वी मालाची नोंद द्यावी लागते. एकदा वापरून फेकून देण्याच्या उपकरणांवर तर तेथेही १ जून २०२५ पासून बंदी आली आहे.

इंग्लंडमध्ये झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ई-सिगारेट घेतलेल्यांपैकी शेकडा १८ जण वर्षअखेर सिगारेटपासून मुक्त होते, तर निकोटिनचा गम, पट्टी इत्यादी वापरणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ९.९ होते. ही बाजू लपवून ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की, ई-सिगारेटच्या साहाय्याने सिगारेट सोडलेल्यांपैकी शेकडा ८० जण वर्षानंतरही ई-सिगारेट ओढत होते. गम-पट्टीवाल्यांपैकी आपले साधन तोवर चालू ठेवणारे शेकडा ९ होते. म्हणजे धूर सुटला, परंतु निकोटिनचे दास्य बहुतेकांच्या बाबतीत राहिले.

आपल्या देशात मात्र हा वाद निवडीचा उरलेलाच नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी निघालेल्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी संमत झालेल्या अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा व जाहिरात यांस मनाई झाली आहे. विक्रीसारख्या पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा तोच अपराध घडल्यास कैद तीन वर्षांपर्यंत व दंड पाच लाखांपर्यंत जातो. तेव्हा आपल्याकडे जे उपकरण चोरून विकले जाते त्याची कोठे नोंद नाही की तपासणी नाही. द्रवात निकोटिन किती, वात कोरडी पडून गुंडाळी अती तापल्यास कोणते वायू निघतील, हे विकणाऱ्यासही सांगता येत नाही. अशा मालात "चांगले कोणते" या प्रश्नाला उत्तरच नसते. शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही उपकरणे पेन किंवा पेन ड्राइव्हसारखी दिसतात व फळांच्या वासाची असतात, त्यामुळे कधीही बिडीला न शिवलेला विद्यार्थी त्यांच्याकडे आकृष्ट होऊ शकतो.

कोणास कोणते साधन

निकोटिनचा गम, चोखावयाच्या गोळ्या आणि त्वचेवर लावावयाची पट्टी ही साधने औषध म्हणून मान्यता पावलेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये आणि आपल्या देशाने २०२२ मध्ये निकोटिन उपचाराचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. केवळ मनोनिग्रहावर विसंबणाऱ्याच्या तुलनेत या उपचाराने यशाची शक्यता सुमारे दीडपट होते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित पाहणीतून दिसून आले आहे.

निवड करताना विचारावयाचा पहिला प्रश्न "दिवसाला किती ओढता?" हा नसून "सकाळी उठल्यावर पहिली केव्हा ओढता?" हा आहे. अंथरुणातून उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला बिडी लागते, त्याचे शरीर निकोटिनवर अधिक अवलंबून असते. अशा व्यक्तीस वैद्यकीय सल्ल्याने ४ मिलिग्रॅमचा गम द्यावा लागतो. इतरांना २ मिलिग्रॅमचा पुरतो. व्यसन जुने व जड असेल तर पट्टी आणि गम यांची जोड एकट्या साधनापेक्षा अधिक गुणकारी ठरते. पट्टी दिवसभर मंद गतीने निकोटिन देत राहते आणि मध्येच उसळणारी तलफ गम भागवितो. पट्टी गमइतकी सर्वत्र मिळत नाही, हीच काय ती अडचण.

आता गम वापरण्याच्या पद्धतीकडे वळू. "गम घेऊन पाहिला, काही उपयोग झाला नाही" असे म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो मुलांच्या च्युइंग गमसारखा चावून चावून संपविलेला असतो. तसे केल्याने निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते. तेथून ते रक्तात फारसे पोहोचत नाही, कारण यकृतातच त्याचा बराचसा भाग नाहीसा होतो. हाती येते ती उचकी, छातीतील जळजळ आणि मळमळ. निकोटिन शोषले जावयास हवे ते गालाच्या आतील नाजूक त्वचेतून. यासाठी गम सावकाश चावावा, तिखटसर चव येऊन तोंडात चुणचुण जाणवू लागली की चावणे थांबवून तो गालात, हिरडीलगत ठेवून द्यावा. चुणचुण ओसरली की पुन्हा थोडे चावावे व बाजू बदलून ठेवावा. असा एक गम सुमारे अर्धा तास चालतो.

आपल्याकडील मनुष्याला ही रीत समजावून सांगणे अवघड नाही. तंबाखूचा बार भरणारा हेच करीत असतो. तो तंबाखूत चुना मळतो, कारण चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन मोकळे होऊन गालातून लवकर शोषले जाते. गममध्येही याच हेतूने क्षार घातलेला असतो. याच कारणास्तव गम घेण्यापूर्वी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत किंवा बाटलीतील थंड पेय घेऊ नये. या पेयांतील आम्लता क्षाराचे काम हाणून पाडते. चहा आणि बिडी ही जोडी ज्याच्या अंगवळणी पडली आहे त्याच्या बाबतीत बहुधा येथेच घोटाळा होतो. त्यात आणखी एक भर अशी की, धूर बंद झाल्यावर चहा-कॉफीतील कॅफिन शरीरात अधिक काळ टिकते. पहिल्या आठवड्यातील चिडचिड व निद्रानाश यांचा सारा दोष बिडी सोडण्याला दिला जातो. त्यातील काही वाटा नेहमीइतक्याच घेतलेल्या चहाचा असतो. तो निम्म्यावर आणावा.

पहिले सहा आठवडे एक ते दोन तासांच्या अंतराने गम घ्यावा, तलफ येण्याची वाट पाहू नये. दिवसाला चोवीस ही कमाल मर्यादा. पुढील तीन आठवडे अंतर दोन ते चार तासांचे आणि त्यापुढील तीन आठवडे चार ते आठ तासांचे करावे. बरे वाटू लागताच दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गम बंद करणे ही नित्याची चूक आहे. मध्येच एखाद्या लग्नकार्यात बिडी ओढली गेली तर उपचार फुकट गेला असे समजू नये. पट्टी काढू नये, गमही थांबवू नये.

अठरा वर्षांखालील मुले, गर्भवती व स्तनदा माता आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले रुग्ण यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ही साधने वापरू नयेत. कवळी असणाऱ्यांना गम चिकटतो. ज्यांचे तोंड गुटखा किंवा सुपारी खाऊन पुरते उघडेनासे झाले आहे त्यांच्यासाठीही गम योग्य नव्हे. त्यांनी पट्टीचा विचार करावा, आणि त्याआधी तोंडाची तपासणी करून घ्यावी.

ही शेवटची बाब आपल्या राज्यात विशेष महत्त्वाची आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शेकडा ३.८ होते, तर तंबाखू खाणारे किंवा मशेरीसारख्या रूपात वापरणारे शेकडा २४.४. बिडी सोडून तंबाखूचा बार भरू लागलेला मनुष्य आपण व्यसन सोडले असे समाधानाने सांगतो, तेव्हा त्याने रोगाची केवळ जागा बदललेली असते. सल्ला देणाऱ्याने दोहोंविषयी एकदमच विचारावे.

साधनाच्या जोडीला बोलणारा कोणी असला तर यश वाढते. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्षरोग संस्थेत २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११-२३५६ हा विनाशुल्क क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो. ज्या पाकिटाने व्यसन लागले त्यावरच तो असतो, पण फारसे कोणी वाचीत नाही. पंचायतीच्या व शाळेच्या फलकावर तो मोठ्या अक्षरांत लिहिता येईल. जिल्हा रुग्णालयातील तंबाखूमुक्ती केंद्राचे दिवस व वेळ आधी विचारून त्याखालीच नोंदवावी, म्हणजे रोजगार बुडवून गेलेला मनुष्य बंद दारावरून परत येणार नाही. वापरलेल्या गममध्ये व काढलेल्या पट्टीतही निकोटिन शिल्लक असते. ती कागदात गुंडाळून लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा रीतीने टाकावीत, हेही गम देतानाच सांगून ठेवावे.