कल्याण ते आळेफाटा: वैशाखऱ्यावरून जाणारा रस्ता

कल्याण-मुरबाड-माळशेज रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ६१ चा भाग आहे. त्याचा जुना क्रमांक २२२. शहाड ओलांडून तो गोवेलीमार्गे मुरबाडला येतो. पुढे सरळगावला किन्हवली-शहापूरकडे जाणारा फाटा फुटतो. मग टोकावडे आणि वैशाखरे.

वैशाखऱ्याचं खरं महत्त्व नाणेघाटामुळे. कोकणातल्या बंदरांतून जुन्नर-पैठणकडे जाणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग याच घाटाने चढत असे. डांबरी रस्ता मात्र तो चढ टाळून मोरोशी, सावर्णे करत माळशेजने वर जातो. नाणेघाटाची पायवाट वैशाखऱ्याजवळच महामार्गाला लागून सुरू होते. माथ्याजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यातले अंक भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात मोडतात. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही वरच आहे.

माळशेज चढून गेलं की पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय लागतो. खुबी फाट्यावरून धरणाच्या भिंतीने खिरेश्वर आणि तिथून हरिश्चंद्रगड. महामार्ग मात्र मढ, ओतूर करत आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्ता ओलांडतो.

पावसाळ्यात माळशेजमध्ये दरडी कोसळतात. धबधबा कितीही मोहक दिसला तरी कड्याखाली गाडी थांबवू नका.