सात वर्षं थांबून आलेली बाटली

शातो मुसारची लाल वाईन ग्राहकांना चाखायला द्यायची असेल, तर जाणता दुकानदार बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवतो. ही वाईन गाळून भरलेली नसते, त्यामुळे गाळ तळाशी बसायला वेळ लागतो. कार्यक्रम संध्याकाळी असला तरी बूच दुपारीच निघतं. बाटलीच्या गळ्यामागे दिवा धरून वाईन अगदी सावकाश काचेच्या सुरईत ओतली जाते. गाळाची काळसर रेघ गळ्यापर्यंत आली की हात थांबतो. शेवटचा घोटभर ऐवज बाटलीतच राहतो आणि फेकला जातो.

आपल्याकडे दुकानाच्या जाळीआडून कागदात गुंडाळलेली बाटली हातात पडते आणि व्यवहार संपतो. लंडनमध्ये दुकानातच चाखायला मिळणं नेहमीचं आहे. काउंटरवर पाच-सहा बाटल्या, थुंकायला एक भांडं, तोंडाची चव बदलायला पावाचे तुकडे. माणसं पेला फिरवतात, नाक खुपसतात, दोन घोट घेतात आणि पुढच्या बाटलीकडे सरकतात. मुसारपाशी मात्र थोडी गर्दी तुंबते. रंग फिकट, कडेला विटकरी झाक. वास सुक्या अंजिराचा, चामड्याचा, मसाल्याचा आणि त्यातच सिरक्याची एक बारीक चुणूक. कुणी म्हणतं, बाटली बिघडलीय. कुणी किंमत विचारून दोन बाजूला काढून ठेवायला सांगतं.

हा वाद पन्नासेक वर्षं चालू आहे, आणि ज्या घराण्याने तो ओढवून घेतला ते लेबनॉनचं आहे.

गास्तों होशार यांनी 1930 मध्ये मुसार सुरू केलं. तेव्हा लेबनॉन फ्रेंचांच्या ताब्यात होता, बोर्दोला जाऊन आलेल्या या तरुणाला तिथल्यासारखी वाईन आपल्या मातीत करायची होती आणि ती पिणारे फ्रेंच अधिकारी दाराशीच होते. बैरुतच्या उत्तरेला घझीर गावात, समुद्राकडे तोंड केलेल्या अठराव्या शतकातल्या जुन्या गढीत त्यांनी तळघर थाटलं. द्राक्षं मात्र डोंगरापलीकडे, बेकाच्या खोऱ्यात. याच खोऱ्यात बालबेकला रोमनांनी मद्यदेव बॅकसचं दगडी देऊळ बांधलं आणि ते आजही उभं आहे, म्हणजे द्राक्षाला ही जागा नवी नव्हती. बाग एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे, मध्ये लेबनॉन पर्वताची रांग. ही सोय पुढे चांगलीच महागात पडणार होती.

थोरला मुलगा सर्ज. शिकला इंजिनिअरिंग. 1959 मध्ये त्याने वडिलांना सांगितलं की वाईन मी करीन, पण माझ्या पद्धतीने, आणि तुम्ही बाजूला व्हायचं. वडील झाले. मग हा मुलगा बोर्दोला झां रिबेरो-गायों आणि एमिल पेनो यांच्या हाताखाली शिकला. आधुनिक वाईनविद्येचे हे दोन मोठे गुरू: टाकी स्वच्छ हवी, तापमान हातात हवं, आंबण्याची प्रत्येक पायरी मोजलेली हवी, ही शिस्त त्यांनी जगाला लावली. सर्ज ती सगळी शिकून घरी आला आणि त्याने वाईनच्या कामात कमीत कमी ढवळाढवळ करायची असं ठरवलं. न शिकता केलेला हट्ट असता तर कुणी फारसं मनावर घेतलं नसतं.

लाल वाईनचा मेळ त्याला मनासारखा जमायला 1977 उजाडलं. म्हणजे अठरा वर्षं. त्यात तीन वाण आहेत. कॅबर्ने सोव्हिन्यों बोर्दोचा, अंगात ताठा असलेला. सांसो आणि कारिन्यां हे दक्षिण फ्रान्समध्ये रुळलेले, ऊन सोसणारे. त्यातला सांसो बेकात आला तो 1857 मध्ये क्सारा इथे बागा लावणाऱ्या जेसुइट पाद्र्यांच्या हातून, अल्जीरियामार्गे. तिन्हींचा वाटा साधारण सारखा असतो, पण दर वर्षी काटेकोर तेवढाच नाही. ज्या साली जो वाण चांगला उतरला त्याच्याकडे पारडं झुकतं. म्हणून मुसारच्या दोन सालांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर त्या एकाच घरच्या आहेत हे पटायला वेळ लागतो.

बेकाचं खोरं सुमारे हजार मीटर उंचीवर. उन्हाळा कडक, रात्री गार, हिवाळ्यात बर्फ. बर्फ पडला की वेल झोपतो आणि वसंतात आपणहून जागा होतो. नाशिकच्या बागायतदाराला हे सुख नाही. तिथे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी असं वर्ष बांधावं लागतं. बेकात तोडणी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. बेदुइन कुटुंबं हाताने घड उतरवतात आणि ट्रक डोंगर ओलांडून घझीरला जातात.

तिथे प्रत्येक वाण वेगळा, सिमेंटच्या टाकीत, सालीवरच्या यीस्टनेच आंबतो. मग वर्षभर फ्रेंच ओकच्या पिंपांत. त्यानंतर तिन्हींचा मेळ घालतात, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बाटल्या भरतात आणि त्या बाटल्या चार वर्षं तळघरात पडून राहतात. तोडणीपासून सातव्या वर्षी माल बाजारात. सात वर्षांचं भांडवल अडकवून ठेवायचं, हे कुठल्याही बँकेच्या साहेबाला पटवून पाहावं! घराण्याचा धंदा असल्यामुळेच ते चाललं, असं म्हणायला जागा आहे.

1975 मध्ये यादवी पेटली ती 1990 पर्यंत विझली नाही. घरचं गिऱ्हाईक गेलं. डोंगरातल्या रस्त्यावर नाकी उभी राहिली, प्रत्येक नाक्यावर वेगळी बंदूक. 1976 मध्ये वाईन झालीच नाही. 1984 मध्ये ट्रक अडकत, वळसे घेत काही दिवसांनी पोचले तेव्हा द्राक्षं गाडीतच आंबू लागली होती. त्या साली विकण्याजोगी वाईन झाली नाही असं बरीच वर्षं मानलं गेलं; पण सर्जने ती टाकून दिली नव्हती, आणि पुढे तिच्या बाटल्या निवडक लोकांपुढे उघडल्या गेल्या. बाकी सगळ्या वर्षी वाईन झाली.

गिऱ्हाईक शोधायला तो 1979 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या वाईन मेळ्यात गेला. लिलावगृहांत हयात काढलेले मायकेल ब्रॉडबेंट यांनी त्याच्या बाटल्या चाखल्या, त्या मेळ्याचा शोध म्हणून नावाजल्या आणि मुसारचं नाव झालं. 1984 मध्ये, म्हणजे ट्रक अडकले त्याच साली, ‘डिकँटर’ मासिकाने वर्षाचा मानकरी हा आपला पहिलावहिला सन्मान सर्जला दिला.

आता त्या सिरक्याच्या चुणुकीबद्दल. पुस्तकाप्रमाणे तो दोष आहे: वाईनमध्ये उडून जाणारं आम्ल वाढलं की असा वास येतो, आणि पेनोंच्या वर्गात त्याला गुण मिळाले नसते. मुसारमध्ये ते वाढलेलं असतं, काही साली जरा जास्तच. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पेला तासभर ठेवला की हा वास मागे पडतो, फळ आणि मसाला पुढे येतो. त्यामुळे दुकानातली चाखणी या वाईनवर थोडा अन्यायच करते. दोन घोटांत निकाल लागतो, आणि सर्जला तोच मान्य नव्हता. बैरुतवर तोफांचा मारा चालू असताना तो तळघरात लपायला गेला नाही. 1972 ची आख्खी बाटली एका मोठ्या पेल्यात ओतून रात्रभर घोट घोट पीत बसला आणि तिची चव तासातासाला कशी पालटत गेली ते पुढे लोकांना सांगत राहिला. गोष्ट त्यानेच सांगितलेली, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चालावं.

मुसारच्या चाखणीत आणखी एक उलटी रीत आहे. इतरत्र पांढरी वाईन आधी आणि लाल नंतर. इथे ओबैदेह आणि मेरवाह या लेबनॉनच्याच जुन्या वाणांची पांढरी सगळ्यात शेवटी ओततात, फारशी गारही न करता. ज्यांना थांबायला वेळ नाही अशांसाठी ‘मुसार झन’ आहे: पिंपात न मुरवलेली, लवकर बाजारात येणारी आणि खिशाला परवडणारी. दुकानदार सुरुवात तिच्यापासूनच करतात.

31 डिसेंबर 2014 ला मेक्सिकोत समुद्रात पोहताना सर्ज होशार गेला. आता कारभार त्याचे मुलगे गास्तों आणि मार्क आणि घरातली त्यांच्या पिढीची मंडळी पाहतात. 1991 पासून तारेक सकर वाईन करतात. पद्धत तीच ठेवली आहे. सातव्या वर्षाच्या हिशेबाने सर्जच्या हयातीतली शेवटची तोडणी 2021 च्या सुमाराला दुकानांत पोचली. 2024 च्या सप्टेंबरात, ऐन तोडणीच्या दिवसांत, बेकाच्या खोऱ्यावर पुन्हा बाँब पडले. त्या सालच्या बाटल्यांची पाळी 2031 मध्ये येईल.